'हॅव' कुठे आणि 'डिड' कुठे? मराठी विद्यार्थ्याला अडवणाऱ्या एका काळाची उकल

केजच्या बसस्थानकावर कोणत्याही दिवशी कानी पडेल असा हा संवाद आहे. धापा टाकत आलेला प्रवासी खिडकीशी विचारतो, "अंबाजोगाईची गाडी गेली का?" आतून उत्तर येते, "गेली." एका शब्दात व्यवहार संपतो. गाडी आता स्थानकात नाही, पुढच्या गाडीची वाट पाहावी लागणार, एवढे प्रवाशाला कळते. ती नेमकी किती वाजता सुटली हे त्याने विचारलेले नसते आणि त्याला त्याच्याशी कर्तव्यही नसते.

हाच प्रश्न इंग्रजीत लिही, असे दहावीच्या विद्यार्थ्याला सांगितले तर तो बहुधा 'डिड द बस गो?' असे लिहील. 'डिड' आले आहे, क्रियापद मूळ रूपात आहे, प्रश्नचिन्हही आहे. वाक्यरचनेचे सर्व नियम पाळले गेले आहेत. तरीही लंडनमधील प्रवासी या जागी 'हॅज द बस गॉन?' असेच विचारील. मराठीतला 'गेली' हा एकच शब्द इंग्रजीत शिरताना दोन वाटांनी का फुटतो, हे मात्र विद्यार्थ्याला सहसा कोणी सांगत नाही. त्याच्या वहीवर तांबडी खूण होते आणि 'येथे पूर्ण वर्तमानकाळ हवा' असा शेरा मिळतो.

हा प्रश्न काही गुणांपुरता मर्यादित नाही. बीड जिल्ह्यातील केज हा तालुका १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या राज्यात कारभाराचे व उच्च शिक्षणाचे वजन उर्दूकडे होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. पुढे मराठी शाळा वाढल्या, इंग्रजी पाचवीपासून शिकवले जाऊ लागले आणि जून २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत ते पहिलीपासून आले. आज केजचा तरुण स्पर्धा परीक्षेत 'चूक ओळखा' हा प्रश्न सोडवतो, पुण्यात मुलाखत देतो, नोकरीचा अर्ज इंग्रजीत लिहितो. त्या अर्जातील एका क्रियापदावरून वाचणाऱ्याचा भलताच समज होऊ शकतो. तेव्हा हे क्रियापद नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

नावातच दडलेले उत्तर

शालेय पुस्तकात 'आय हॅव रिटन' या रूपाला पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात. गंमत अशी की नाव वाचताना आपण 'पूर्ण' या शब्दावर थांबतो आणि 'वर्तमान' हा शब्द विसरतो. क्रिया पूर्ण झाली म्हणजे ती भूतकाळात गेली, असे मनाशी धरून आपण या काळाला भूतकाळाचा धाकटा भाऊ समजतो. इंग्रजी भाषकाच्या मनात मात्र तो वर्तमानकाळाच्याच घरातला आहे. क्रिया मागे घडली असली, तरी बोलणारा आजविषयी बोलत असतो. गाडी गेली आहे, म्हणजे आता स्थानक रिकामे आहे. पत्र लिहिले आहे, म्हणजे आता ते टपालात टाकता येईल.

याची मुळे इंग्रजीच्या इतिहासात आहेत. जुन्या इंग्रजीत या रचनेचा अर्थ 'माझ्याकडे पत्र लिहिलेल्या अवस्थेत आहे' असा होता. 'हॅव' म्हणजे जवळ असणे आणि 'रिटन' म्हणजे लिहिलेले. पुढे शब्दांचा क्रम बदलला, 'हॅव' साहाय्यक क्रियापद झाले आणि रचना सर्व प्रकारच्या क्रियांना लागू झाली. पण 'जवळ असणे' ही मूळची छटा पुरती पुसली गेली नाही.

ही गोष्ट मराठी विद्यार्थ्याला फार उपयोगी आहे. क्रियापदाचे तिसरे रूप म्हणजे काय, हे पाठांतराच्या तक्त्यातून उमगत नाही. मराठीतील 'लेला, लेली, लेले' या रूपांतून ते चटकन उमगते. 'ब्रोकन' म्हणजे मोडलेला, 'रिटन' म्हणजे लिहिलेला, 'ईटन' म्हणजे खाल्लेला. 'हॅव' या शब्दाला ही रूपे जोडली की 'गाठीशी काय आहे' याचा हिशेब तयार होतो. मी पुस्तक वाचलेले माझ्या गाठीशी आहे: 'आय हॅव रेड द बुक.' साधा भूतकाळ असा हिशेब मांडत नाही. तो कालरेषेवरच्या एका बिंदूकडे बोट दाखवतो आणि तेथेच थांबतो: 'आय रेड द बुक लास्ट मे.' मागच्या मे महिन्यात वाचले. आज त्यातले काही आठवते की नाही, याविषयी हे वाक्य मौन बाळगते.

हान्स रायशेनबाख या जर्मन तत्त्वज्ञाने १९४७ च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात काळांची उकल तीन बिंदूंच्या साहाय्याने केली होती. बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि जेथे उभे राहून आपण त्या घटनेकडे पाहतो तो क्षण. साध्या भूतकाळात बोलणारा घटनेच्या क्षणी जाऊन उभा राहतो. पूर्ण वर्तमानकाळात घटना मागेच असते, पण पाहणारा आजच्या जागेवरून हलत नाही. दोन्ही वाक्यांतली घटना एकच असू शकते. बदलते ती पाहणाऱ्याची जागा.

मराठीची तीन रूपे

आता आपल्या भाषेकडे वळू. मराठीतही 'गेले', 'गेले आहेत' आणि 'गेले होते' अशी तीन रूपे आहेत. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये आले. शतकाहून अधिक काळ आपण या रूपांना साधा भूतकाळ, पूर्ण वर्तमानकाळ आणि पूर्ण भूतकाळ अशी नावे देत आलो आहोत. इंग्रजीतील तीन काळांनाही शाळेत आपण हीच नावे देतो. त्यामुळे विद्यार्थ्याची साहजिकच अशी समजूत होते की, एकास एक अशी जोडी लावली की भाषांतर झाले. नावे जुळतात, कामांची वाटणी जुळत नाही. सारा घोटाळा तेथून सुरू होतो.

मराठीचे साधे 'ला' रूप अतिशय ऐसपैस आहे. 'जेवलास का?' या प्रश्नावर 'जेवलो' हे उत्तर आपण आत्ता पोट भरले आहे या अर्थी देतो. येथे इंग्रजीला 'हॅव' हवा. 'काल लग्नात पोटभर जेवलो' असेही आपण म्हणतो. येथे इंग्रजीला साधा भूतकाळ हवा. एवढेच नव्हे, आईने हाक मारली की मूल दुसऱ्या खोलीतून 'आलो!' असे ओरडते, तेव्हा ते आलेले नसते, जागचे हललेलेही नसते. केजकडच्या बोलीत तर 'मी जेवायलो' याचा अर्थ 'मी जेवत आहे' असा होतो. पुण्या-मुंबईचा पाहुणा शेवटचा 'लो' ऐकून जेवण आटोपले असे समजेल आणि यजमानाच्या पानात तर अजून भाकरी असेल. म्हणजे 'ल' दिसला की भूतकाळ, हा हिशेब मराठीतही टिकत नाही. इंग्रजीत तो कसा टिकावा?

'गेले आहेत' हे रूप इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळाच्या बरेच जवळ जाते. बोलताना त्याचा संकोचही सारखाच होतो: आपले 'आलो आहे' हे 'आलोय' होते, तसे त्यांचे 'आय हॅव' हे 'आयव्ह' होते. पण एका ठिकाणी दोघांची वाट वेगळी होते आणि तेथेच सर्वाधिक चुका होतात. त्याकडे पुढे येऊच.

तिसरे रूप 'गेले होते'. इंग्रजीतील 'हॅड गॉन' हे रूप भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती हे दाखवण्यासाठी असते. आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी निघून गेली होती: येथे 'हॅड' योग्य. मराठीतले 'होते' मात्र आणखी एक काम करते. 'मी काल बीडला गेलो होतो' असे आपण म्हणतो, तेव्हा दुसरी कोणतीही घटना डोळ्यांसमोर नसते. मी गेलो आणि परत आलो, आता मी येथे आहे, एवढे त्या 'होतो'ने सुचवायचे असते. विद्यार्थी याचे 'आय हॅड गॉन टू बीड यस्टरडे' असे भाषांतर करतो. इंग्रजी वाचक मग पुढच्या वाक्याची वाट पाहत बसतो: गेला होता, त्यानंतर काय झाले? येथे साधे 'आय वेंट टू बीड यस्टरडे' पुरेसे आहे.

कारखान्यावर गेलेले आईवडील

हा फरक व्याकरणाच्या पुस्तकातून बाहेर काढून केज तालुक्याच्या जीवनात ठेवला, की त्याची धार कळते. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कोयते व बिऱ्हाड घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही मुले आईवडिलांबरोबर जातात, काही आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात.

समजा, अशा एखाद्या मुलीला डिसेंबरात मराठी न जाणणाऱ्या पाहुण्याने इंग्रजीत विचारले, 'तुझे आईवडील कुठे आहेत?' तिच्या मनात वाक्य तयार होते, 'ते कारखान्यावर गेले.' तिच्यापुढे तीन इंग्रजी वाक्ये आहेत.

पहिले, 'दे हॅव गॉन टू द शुगर फॅक्टरी.' याचा अर्थ ते गेले आहेत आणि अजून तेथेच आहेत. आज घरात आजी आणि ही मुलगी एवढ्याच आहेत.

दुसरे, 'दे हॅव बीन टू द शुगर फॅक्टरी.' याचा अर्थ ते कारखान्यावर जाऊन आलेले आहेत. तो अनुभव त्यांच्या गाठीशी आहे, पण ते आता तेथे नाहीत.

तिसरे, 'दे वेंट टू द शुगर फॅक्टरी.' म्हणजे केव्हातरी गेले. मागच्या वर्षी, दिवाळीनंतर, अमुक दिवशी. आता कुठे आहेत हे वाक्य सांगत नाही. पाहुणा विचारील, 'केव्हा गेले होते?' किंवा समजेल की ही मागची गोष्ट असावी.

मुलीला सांगायचे होते की आईवडील आज घरी नाहीत. तिने निवडलेल्या 'वेंट'मुळे नेमके तेच सांगायचे राहून गेले. वाक्यात शुद्धलेखनाची चूक नाही, काळाच्या रूपाची चूक नाही. पण सर्वांत महत्त्वाची माहिती, म्हणजे आजची परिस्थिती, वाटेतच सांडली. 'हॅव' शिकवायचा तो यासाठी.

दिनदर्शिका आणि 'हॅव' यांचे हाडवैर

मराठी आणि इंग्रजी यांच्या वाटा जेथे वेगळ्या होतात, ते हे ठिकाण. मराठीत 'मी कालच पुण्याहून आलो आहे' हे वाक्य निर्दोष आहे. 'माझे पदवीचे शिक्षण २०१९ साली पूर्ण झाले आहे' हेही निर्दोष आहे. किंबहुना अर्जाच्या भाषेत ते अधिक भारदस्त वाटते. आपण घटनेची तारीखही सांगतो आणि तिचा आजशी संबंधही सांगतो. मराठीला त्यात विसंगती वाटत नाही.

इंग्रजीला वाटते. 'आय हॅव पास्ड बी. एस्सी. इन टू थाउजंड नाइन्टीन' हे वाक्य महाराष्ट्रातील हजारो अर्जांत आढळेल, आणि ते प्रमाण इंग्रजीत चूक आहे. तारीख उच्चारली की बोलणारा त्या तारखेला जाऊन उभा राहिला. मग 'हॅव' म्हणून आजच्या जागेवर उभे राहता येत नाही. दोन्ही दरडींवर एकाच वेळी पाय ठेवायला इंग्रजी परवानगी देत नाही. म्हणून एक तर 'आय हॅव पास्ड बी. एस्सी.' म्हणावे, नाहीतर 'आय पास्ड बी. एस्सी. इन टू थाउजंड नाइन्टीन' म्हणावे.

अनुकंपा नियुक्तीच्या अर्जात वडिलांच्या निधनाविषयी लिहितानाही हेच घडते. 'माय फादर हॅज पास्ड अवे' हे बरोबर आहे. त्यापुढे तारीख जोडली की 'हॅज' काढून टाकावा लागतो. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला अर्थ कळतो, यात शंका नाही. पण स्पर्धा परीक्षेत याच वाक्यावर गुण जातो आणि मुलाखतीत याच वाक्यावरून बुद्धीविषयी मत बनवले जाते. यात बुद्धीचा काहीही संबंध नाही. मुलगा मराठी नियम चोख पाळत आहे. फक्त तो इंग्रजी वाक्यात पाळत आहे.

मांजरा धरण केज तालुक्यात धनेगावजवळ आहे. २०१६ च्या दुष्काळात ते कोरडे पडले होते आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. या वाक्याच्या इंग्रजीत 'हॅज' चालणार नाही, कारण २०१६ हा आकडा आहे. 'हॅड'चीही गरज नाही, कारण दुसऱ्या कोणत्या घटनेशी तुलना नाही. 'द डॅम ड्राइड अप इन टू थाउजंड सिक्स्टीन', एवढेच. परंतु जुलै महिन्यात शेतकरी आभाळाकडे पाहून 'यंदा पाऊस कमी पडला' म्हणतो, तेव्हा पावसाळा अजून संपलेला नसतो. मोजणी चालूच असते. म्हणून इंग्रजीत 'इट हॅज रेन्ड व्हेरी लिटल धिस इयर'. तेच वाक्य मागच्या वर्षाविषयी असते, तर ती मोजणी बंद झालेली असती आणि साधा भूतकाळ आला असता. 'धिस वीक', 'धिस इयर', 'सो फार' या शब्दांबरोबर 'हॅव' का जातो याचे कारण हे आहे: त्या मुदतीचे दार अजून उघडे आहे. 'यस्टरडे', 'लास्ट इयर', 'टू डेज अगो' या मुदतींची दारे बंद झाली आहेत.

अजून चालू असलेल्या वास्तव्याचीही हीच कथा. 'मी दहा वर्षांपासून केजमध्ये राहतो' हे मराठीत चक्क वर्तमानकाळात आहे. त्यावरून 'आय ॲम लिव्हिंग इन केज सिन्स टेन इयर्स' हे वाक्य जन्मते. इंग्रजीत ते 'आय हॅव लिव्ह्ड इन केज फॉर टेन इयर्स' असे होईल. आपला 'पासून' हा एकच शब्द आरंभबिंदूलाही लागतो आणि कालावधीलाही. इंग्रजीने आरंभबिंदूला 'सिन्स' आणि कालावधीला 'फॉर' असे दोन शब्द नेमले आहेत. आणि जर कोणी 'हॅव' गाळून 'आय लिव्ह्ड इन केज फॉर टेन इयर्स' असे लिहिले, तर त्याने स्वतःच्या नकळत केज सोडले! वाचणारा समजेल की हा गृहस्थ आता दुसरीकडे राहतो. रहिवासाची माहिती देताना हा फरक लहान नाही.

क्रियापद कोणाचे ऐकते?

आणखी एक चूक अशी आहे की जिचे मूळ शिक्षकांच्याही सहसा ध्यानात येत नाही. मराठीत 'मुलाने पत्र लिहिले आहे' आणि 'मुलाने पत्रे लिहिली आहेत' या वाक्यांत कर्ता एकच मुलगा आहे. तरी 'आहे' बदलून 'आहेत' झाले, कारण कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माचे ऐकते. पत्रे अनेक झाली म्हणून 'आहेत' आले.

इंग्रजीत क्रियापद कर्त्याचेच ऐकते. पत्र एक असो वा शंभर, मुलगा एक असेल तर 'हॅज' आणि मुले अनेक असतील तर 'हॅव'. मराठी कान असलेला विद्यार्थी मात्र पत्रे अनेक पाहून 'द बॉय हॅव रिटन लेटर्स' असे लिहून जातो. आपण त्याला निष्काळजी म्हणतो. तो निष्काळजी नसून आपल्या मातृभाषेचा कर्मणी प्रयोग बरोबर नेत आहे. 'येथे मराठी कर्माकडे पाहते, इंग्रजी कर्त्याकडे', हे एक वाक्य त्याला सांगितले तर त्याचा गोंधळ पुष्कळ कमी होईल.

'हॅव' हा शब्दच आपल्याला परका वाटतो, त्यालाही कारण आहे. मराठीत 'जवळ असणे' यासाठी स्वतंत्र सकर्मक क्रियापद नाही. 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे सायकल आहे' असे आपण 'असणे' या धातूनेच सांगतो. म्हणून 'आलो आहे' याचे 'आय ॲम कम' असे रूप नवशिक्याच्या तोंडून निघते. आज ते चूक आहे. पण येणे-जाणे यांसारख्या क्रियापदांबरोबर 'हॅव'ऐवजी 'बी' वापरण्याची रीत काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत रूढ होती आणि १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये अशी रूपे सापडतात. आपला विद्यार्थी चारशे वर्षे उशिरा जन्मला, एवढाच त्याचा अपराध.

हयात असण्याची खूण

पूर्ण वर्तमानकाळाचा सर्वांत नाजूक उपयोग माणसांविषयी बोलताना होतो. मुकुंदराजांची समाधी केजच्या शेजारच्या अंबाजोगाईला आहे आणि 'विवेकसिंधु' या त्यांच्या ग्रंथाचा काळ परंपरेने शके १११० मानला जातो. 'मुकुंदराजांनी विवेकसिंधु लिहिला आहे' असे मराठीत आपण सहज म्हणतो. इंग्रजीत 'मुकुंदराज हॅज रिटन' असे म्हटले, तर ऐकणाऱ्याला क्षणभर वाटेल की हे कोणी आजचे लेखक आहेत आणि त्यांचा पुढचा ग्रंथही येऊ शकतो. 'हॅज' या शब्दाने त्या व्यक्तीचे खाते अजून उघडे ठेवले. म्हणून दिवंगतांच्या कार्याविषयी बोलताना इंग्रजी सामान्यतः साधा भूतकाळ वापरते.

शिष्यवृत्तीच्या निबंधात एखादी मुलगी लिहिते, 'माझ्या आजीने मला खूप काही शिकवले आहे.' आजी असेल तर 'माय ग्रँडमदर हॅज टॉट मी अ लॉट'. आजी नसेल तर 'माय ग्रँडमदर टॉट मी अ लॉट'. मराठी वाक्य दोन्ही प्रसंगी तेच राहते, कारण शिकवलेले अजून आपल्याजवळ आहे आणि मराठीला तेवढे पुरते. इंग्रजी वाक्य मात्र आजी हयात आहे की नाही हे एका छोट्या साहाय्यक क्रियापदातून सुचवून जाते. ज्याला हे ठाऊक नाही, तो आपल्या घरातील माणसाविषयी नकळत खोटे सांगून बसतो.

ही अडचण जगभराची

हा काळ केवळ मराठी माणसालाच छळतो असे समजण्याचे कारण नाही. केजमध्ये उर्दू बोलणाऱ्या कुटुंबांनाही 'गया', 'गया है' आणि 'गया था' या तीन रूपांमुळे जवळपास हेच गुंते सोडवावे लागतात. फ्रेंच आणि जर्मन भाषांत 'हॅव'सारखी रचना आहे, पण बोलण्यात ती 'काल' या शब्दाबरोबर निःसंकोच वापरली जाते. त्यामुळे पॅरिस किंवा बर्लिनचा विद्यार्थीही 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' अशीच चूक करतो. स्पॅनिश भाषेत तर देशागणिक फरक आहे. स्पेनच्या मोठ्या भागात आज सकाळी घडलेल्या गोष्टीसाठी 'हॅव'सारखे रूप वापरतात. मेक्सिकोत तेथेच साधा भूतकाळ चालतो. म्हणून माद्रिदच्या विद्यार्थ्याला 'हॅव' कमी वापर असे सांगावे लागते आणि मेक्सिकोच्या विद्यार्थ्याला तो जास्त वापर असे सांगावे लागते.

खुद्द इंग्रजीतही एकवाक्यता नाही. ब्रिटिश माणूस 'हॅव यू ईटन यट?' असे विचारील, तर अमेरिकन माणूस पुष्कळदा 'डिड यू ईट यट?' असे म्हणतो. आपल्या 'जेवलास का?' या प्रश्नाला ते अगदी जवळचे आहे. तेव्हा अमेरिकी चित्रपट पाहणाऱ्या मुलाने 'मग हे कसे चालते?' असे विचारले, तर त्याला गप्प बसवू नये. त्याचे निरीक्षण अचूक आहे. मात्र 'यस्टरडे'बरोबर 'हॅव' न जोडण्याचा नियम अमेरिकी इंग्रजीतही कायम आहे, हेही त्याला सांगावे. या नियमाला भाषाशास्त्रातही 'कोडे' म्हटले गेले आहे. वोल्फगांग क्लाइन यांनी १९९२ साली याच नावाचा लेख लिहिला होता. भाषाशास्त्रज्ञ ज्याला कोडे म्हणतात, ते नववीच्या मुलाला एका तासात सुटावे ही अपेक्षाच अवाजवी आहे.

वर्गात काय करता येईल?

उपाय खर्चिक नाही. शिक्षकाने प्रथम मराठी वाक्य फळ्यावर लिहावे आणि त्यातील 'आहे' किंवा 'होते' पाहून लगेच भाषांतर करण्याची सवय मोडावी. त्याऐवजी विद्यार्थ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

एक, वाक्यात संपलेल्या वेळेचा उल्लेख आहे का? काल, मागच्या वर्षी, २०१९ साली, लहानपणी, दोन दिवसांपूर्वी. असेल, तर मराठीत 'आहे' असो वा 'होते', इंग्रजीत बहुतेक ठिकाणी साधा भूतकाळ.

दोन, वेळेचा उल्लेख नसेल, तर मला आजची स्थिती सांगायची आहे का? गाडी नाही, जेवण झाले आहे, चावी हरवली आहे, हा चित्रपट पाहिलेला आहे. असेल, तर 'हॅव' किंवा 'हॅज'. त्यांतील कोणता, हे कर्त्याकडे पाहून ठरवावे.

तीन, भूतकाळातल्या दोन घटना असून त्यांपैकी आधीची ठळक करायची आहे का? तरच 'हॅड'.

याच्या सरावासाठी पुस्तकातील परक्या वाक्यांपेक्षा गावातली वाक्ये बरी. लाईट गेली. आठवड्याचा बाजार संपला. निकाल लागला. धरण भरले. दादा पुण्याला गेला. यातील प्रत्येक वाक्य आधी 'आज'च्या अर्थाने आणि मग तारीख जोडून असे दोनदा इंग्रजीत लिहायला सांगावे. लाईट गेली आहे आणि आत्ता अंधार आहे: 'द पॉवर हॅज गॉन.' लाईट काल संध्याकाळी गेली, आता आहे की नाही हा प्रश्न वेगळा: 'द पॉवर वेंट यस्टरडे इव्हनिंग.' अशी वीस वाक्ये लिहून झाली की मुलांना नियम सांगावा लागत नाही. तेच तो सांगू लागतात.

एके काळी आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीचे बळ असे होते की ती विद्यार्थ्याच्या मराठीला सोबत घेऊन चालत असे. पुढे भाषांतर मागे पडले आणि 'इंग्रजीतून इंग्रजी' हा मंत्र आला. त्याचेही लाभ झाले. परंतु मुलाच्या डोक्यातली मराठी वर्गाबाहेर ठेवता येत नाही. ती त्याच्या इंग्रजी वाक्यात शिरतेच. तिला दाराआड ठेवण्यापेक्षा फळ्यावर आणून इंग्रजीशेजारी उभे केले, तर दोन्ही भाषांचा फरक मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.

डिसेंबरातल्या त्या मुलीला उद्या कोणी पुन्हा विचारले, तर तिने 'दे हॅव गॉन' असे म्हणावे आणि पाहुण्याला न विचारता कळावे की तिचे आईवडील आज घरी नाहीत. उन्हाळा आला, बिऱ्हाडे गावी परतली, की तिला 'दे हॅव कम बॅक' म्हणता येईल. त्या वाक्यात तिने तारीख सांगितली नाही तरी चालेल. आज घरात माणसे आहेत, एवढेच त्यात सांगायचे असते.